पॉलिश करू नकोस रे बाबा!

इन्शुरन्सवाल्यांच्या प्रोजेक्टवर हार्टफर्डला ऑनसाईट आलं की हायवेवरून एक निळा, कांद्यासारखा घुमट दिसतो. ती कोल्टची जुनी फॅक्टरी. काउबॉय पिक्चरमधलं ते प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर, १८७३ चं 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी', इथलंच. आता मी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे आयुष्यात काही उडवलेलं नाही, पण सध्या माझे वीकेंड याच विषयात चाललेत. कारण टीममधला एक पन्नाशीचा सहकारी. त्याला पणजोबांचं रिव्हॉल्व्हर विकायचंय, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. कुणीतरी सल्ला दिला, आधी मस्त पॉलिश करून घे, भाव चढेल. आपण नाही का, घर विकायच्या आधी रंग देऊन घेत!

इथे नेमकं उलटं आहे, मंडळी. फॅक्टरीत याची फ्रेम हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवायचे. त्यातून निळे, तपकिरी, करडे ढग उमटायचे. सव्वाशे वर्षांत ते विरून नुसता राखाडी रंग उरला तरी जाणकाराला चालतो. पण एकदा का पॉलिशचं चाक फिरलं, की स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, कोरीव अक्षरं बोथट होतात, धारा गोल होतात. गेलेलं पोलाद परत येत नाही. अनडू नाही हो इथे.

बाकी तपासणी आपल्या लॉग वाचण्यासारखीच. फ्रेमच्या डावीकडे पेटंटच्या तारखा असतात: सुरुवातीला १८७१ आणि १८७२, पुढे १८७५ ची भर पडली. उधळलेल्या घोड्याचा शिक्का साधारण १८९० पासूनचा. तेव्हा १८८० च्या नंबरावर तो घोडा दिसला तर समजायचं, कुणीतरी हात मारलाय.

आणि नंबर. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हीकडे एकच हवा. आमच्या गड्याकडे तीन ठिकाणी तीन नंबर! बिचाऱ्याचा चेहरा पडला.

पण नळी साडेपाच इंची होती आणि फ्रेमवर 'यू.एस.' कोरलेलं. मग ट्यूब पेटली. १८९५ पासून अमेरिकन लष्कराने घोडदळाची साडेसात इंची रिव्हॉल्व्हर परत घेऊन नळ्या कापून साडेपाच इंची केल्या. तेव्हा ढिगाने सुटे झालेले भाग हाताला लागतील तसे जोडले गेले. संग्राहक त्याला 'आर्टिलरी' म्हणतात, आणि तिथे नंबर न जुळणं हेच नेहमीचं!

अर्थात, भंगारातून जोडलेल्या मालाचेही नंबर जुळत नाहीतच. म्हणून अक्रोडाच्या मुठीवर टॉर्च तिरका धरून पाहिलं. पुसट, पण वाचता येईल असं चौकटीत 'आर.ए.सी.' दिसलं. रिनाल्डो कार, लष्कराचा तपासनीस. पणजोबांनी मुठीला कधी सँडपेपर लावला नव्हता, म्हणून ती तीन अक्षरं शिल्लक राहिली.

सोमवारी त्याने पॉलिशवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. आता एखाद्या जाणकाराला दाखवणार आहे. किंमत काय येते बघू.