पहाऱ्यावरचा विणेकरी

ऑनलाइन खेळांतला गवई स्वतः फारसे घाव घालत नाही, घालणाऱ्यांना बळ देतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात हा ‘बार्ड’ 1976 साली आला. 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळात गाण्याचा असर काही क्षणांतच ओसरायचा, म्हणून बार्ड एक गाणं विरायच्या आत दुसरं धरायचा, मग तिसरं, आणि फिरून पहिलं. बोटं शिणायची. पुढे गाणी आपोआप फिरवण्याची सोय आली. बोटांना विसावा मिळाला, पण सोबत्यांना गाणं ऐकण्याची गरज आधीही नव्हती नि नंतरही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह उजळलं की त्यांचं भागतं. हे मला मनापासून खटकतं.

मला असं पात्र घडवायचं झालं, तर मी वरवट बकालसारख्या गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहापासून सुरुवात करीन. शेगाव जवळ, त्यामुळे गजानन महाराजांचा प्रकटदिन, माघ वद्य सप्तमी, या टापूत घरचंच कार्य. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही. पहारे लागतात. दिवसभर कपाशीत राबलेला माणूस ऐन मध्यरात्री हातपाय धुऊन मंडपात येतो, आधीच्या विणेकऱ्याच्या पाया पडतो, तोही याच्या पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तार मध्ये थांबत नाही. खेळात माणसं सतत येतात-जातात. तिथे बळ एकट्या गवयाचं कशाला? हाती घेणारा आहे तोवर ते टिकावं, दर पहाऱ्याला थोडं मुरावं.

पोवाड्यातला झीलकरीही मला हवाच. शाहीर दम घेतो तेवढ्यात तो ओळ उचलतो; शाहिराचा श्वास कुठे तुटणार, हे त्याच्या कानाला आधी कळतं. खेळातल्या गवयाची किल्ली तशीच, सोबत्याच्या दोन वारांमधल्या फटीत उघडावी. लवकर दाबली तर वाया, उशिरा दाबली तरी वाया. मग त्याला आकडे सोडून माणसाकडे पाहावं लागेल, आणि लढणाऱ्यालाही त्याच्या तालावर वार करावासा वाटेल.

पुढचा विणेकरी आलाच नाही तर? मंडपात अशा वेळी आधीचाच उभा राहतो, पाय भरून आले तरी. खेळात मी त्याला ती मुभा ठेवीन, पण त्याची शक्ती हळूहळू उतरवीन आणि ती उतरताना साऱ्या टोळीला दिसेल असं करीन.