खाऱ्या हवेतला पंखा

दापोली तालुक्यातल्या मुरुडला, महर्षी कर्व्यांच्या गावी, मे महिन्यात लॅपटॉपखाली पंख्यांचा स्टँड हवा का? माझ्या मते हवा, पण पंख्यांपेक्षा उंचीसाठी. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही. खोलीत ३३ अंश असतील, तर पंखा लॅपटॉपला त्याखाली नेणार नाही. मात्र गादीवर बुजलेली तळाची जाळी मोकळी झाली, की बरंचसं काम होतं. कुणी म्हणेल, मग स्टँडच्या पंख्यांना कमीजास्त होणारा वेग कशाला? व्हिडिओ संपादनासारख्या जड कामात तो उपयोगी पडतो, हे मान्य. पण पुळणीलगतच्या घरात जोराचा पंखा खारी दमट हवा आणि बारीक रेतीही आत ढकलतो. मीठ ओलावा धरतं, धातू गंजतो. (इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे सर्किटचं काय!) म्हणून वेग मध्यमच बरा.