ब्रँडबुक मागावर चढतं तेव्हा

सुरतेच्या कापड बाजारात साडीचं खोकं, विणलेलं लेबल, कॅटलॉग आणि दुकानाची पाटी ही कामं बहुतेक वेळा एकाच डिझायनरकडे येतात. मी खानदेशातून सुरतेतल्या उधन्याला आलेल्या घरातली. शिकले ती याच कामांवर. एका साडी व्यापाऱ्याने मुंबईहून करून घेतलेलं ब्रँडबुक हाती आलं, तेव्हा त्याचं एकेक पान जिथे वापरलं जाणार तिथे नेऊन पाहायचं मी ठरवलं.

पुस्तक देखणं होतं. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, तो किती लहान चालेल, रंग कोणते, टाइप कोणता. शेवटी मनाईची चित्रं: ताणू नका, तिरका करू नका, सावली देऊ नका. नियम होते, त्यांची कारणं नव्हती. ती मला सुरतेने दाखवली.

लोगोची किमान रुंदी 20 मिलिमीटर होती आणि लेबलावर जागा 15 मिलिमीटरच. लेबल विणणाऱ्या जेकार्ड मागावर आकार धाग्यांनीच घडतो. धाग्याहून बारीक तपशील तिथे उतरत नाही. लेबल विणणाऱ्या भाऊंनी लहान लोगोचा नमुना काढून दिला. ‘‘ताई, अक्षरांची पोटं बुजली बघा,’’ ते म्हणाले. आकाराची ती अट का आहे, ते बोटाखाली कळलं. आम्ही लेबलावर नुसतं चिन्ह ठेवलं आणि पूर्ण नाव साडीला लटकवायच्या कागदी टॅगवर छापलं.

रंगाचंही तसंच. पुस्तकात गडद लाल रंगाचा पॅन्टोन क्रमांक होता. 1963 सालापासून छपाईवाले या क्रमांकांवर विसंबतात. त्याच क्रमांकापुढे चकचकीत कागदासाठी ‘सी’ आणि साध्या कागदासाठी ‘यू’ लागतं, कारण साधा कागद शाई पितो आणि रंग मंदावतो. धाग्याबद्दल मात्र पुस्तकात अक्षर नव्हतं. शेड कार्डावरचा धागा ट्यूबलाइटखाली जुळला, तरी उन्हात वेगळा दिसू शकतो. म्हणून आम्ही खिडकीशी बसून दिवसाच्या उजेडात धागा निवडला आणि त्याचा तुकडा पुस्तकातच चिकटवला.

लोगोभोवतीच्या मोकळ्या जागेवरून मात्र व्यापारी शेठ अडले. ‘‘लोगो थोडो मोटो करो,’’ हा त्यांचा आग्रह. मी एक मोठ्या लोगोचं आणि एक मोकळ्या जागेचं अशी दोन खोकी गाळ्याच्या फळीवर इतर मालात ठेवली आणि त्यांना दारातून पाहायला लावलं. भोवती जागा असलेलं नाव गर्दीतून आधी वाचता येत होतं. शेठना पटलं.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो लिपीचा. टाइप फक्त इंग्रजीसाठी ठरवलेला, आणि पाट्या हव्यात गुजराती, मराठी, हिंदीत. देवनागरीची शिरोरेखा शब्दाला वरून बांधून ठेवते. गुजरातीत ती नाही, त्यामुळे जाडी तीच ठेवली तरी ओळ मोकळी दिसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला देवनागरीतला मुक्ता हा टाइप आणि त्याच कुटुंबातला गुजराती मुक्ता वाणी आम्ही घेतला. दोन्ही लिपी एका घरच्या दिसू लागल्या.

काय सांभाळायचं, हे मला याच शहराच्या भिंतींनीही शिकवलं. 2014 साली आलेलं स्वच्छ भारतचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं, घोषवाक्य राजकोटच्या भाग्यश्री शेठ यांचं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिल्या आलेल्या सुरतेत ते बोधचिन्ह हाताने रंगवलेलंही दिसतं. रेषा थोडी कमीजास्त होते, पण गांधीजींचा चष्मा, एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’ एवढं जपलं की ओळख पक्की राहते. ब्रँडबुकाने आधी हा गाभा सांगावा आणि मग मापं द्यावीत.

विणलेलं लेबल, धाग्याचा रंग आणि दोन लिपी यांची पानं आम्ही कारणांसह लिहून व्यापाऱ्याला दिली. आता ती त्यांच्या पुस्तकाचा भाग आहेत. ब्रँडबुक करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ते छापण्याआधी लेबल विणणाऱ्याला, खोकं छापणाऱ्याला आणि पाटी रंगवणाऱ्याला दाखवा. ते पाळायचं आहे त्यांनाच. कारण कळलं, तर पुस्तकात नसलेल्या जागीही ते बरोबर निर्णय घेतील.