पेटीतील गरम वारा

डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीजकेंद्राचे सुमारे २७५ मीटर उंचीचे धुराडे दूरवरून दिसते. १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या या केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांची वीज मात्र मुंबईच्या उपनगरांसाठी असते; डहाणू-तलासरीच्या घरांतील दिवे लागतात ते महावितरणच्या तारांवर. दारची विहीर शेजारच्या गावासाठी असावी, तसाच हा प्रकार! ते असो. अशा केंद्रात कोळसा जाळला, म्हणजे त्याच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वीज न होताच धुरावाटे आणि पाण्यावाटे निघून जातो. अशीच एक लहानशी गळती घराघरांतही चालू असते.

तलासरीतील एखाद्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक येतो. त्याच्या पाठीमागे एक पत्र्याची पेटी असते. दुरुस्ती करणारे तिला ‘एसएमपीएस’ म्हणतात. घरात येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेणारी; संगणकाच्या नाजूक भागांना हवी असते ती १२, ५ किंवा ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. पेटी प्रथम हे हेलकावे एकाच दिशेला वळवते, मग त्या प्रवाहाचे सेकंदाला हजारो तुकडे पाडते, लहानशा रोहित्रातून त्यांचा दाब उतरवते आणि त्यांना पुन्हा सलग करते. या खटाटोपात काही वीज उष्णता होऊन निसटतेच. पेटीच्या पंख्यापाशी हाताला जो गरम वारा लागतो, त्यात तिचा वाटा असतो. इतर भागही तापतात; परंतु ते निदान काम करून तरी तापतात!

पेटीवर ‘४५० वॉट’ असे छापलेले पाहून पुष्कळांना बिलाची धास्ती वाटते. ती अनाठायी होय. तो आकडा पेटीच्या कुवतीचा आहे, भुकेचा नव्हे. दहा पोती वाहून नेणारी बैलगाडी एकच पोते नेत असेल, तर बैलांना दहा पोत्यांचे श्रम पडत नाहीत. खरा प्रश्न निराळाच आहे. संगणकाला हवी तेवढी वीज पुरवण्यासाठी पेटी तारेतून किती ओढून घेते?

समजा, संगणकाच्या भागांना १२० वॉट हवेत. शेकडा ८० वीज पुढे पोचवणारी पेटी त्यासाठी १५० वॉट घेईल. शेकडा ६० पोचवणारी २०० वॉट घेईल. फरक ५० वॉटचा. रोज ५ तासांप्रमाणे ३० दिवसांत तो साडेसात युनिट होतो. हे थोडेच वाटेल. परंतु घरगुती बिलात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढील युनिटांचा दर चढा असतो. एरवी ९५ युनिटांत भागणारे घर हलक्या पेटीपायी शंभराची वेस ओलांडते, आणि वरचे अडीच युनिट चढ्या दराने पडतात. चिकूच्या वाडीतील मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम जाणवते.

चांगली पेटी ओळखण्यासाठी २००४ पासून ‘८० प्लस’ ही खूण प्रचारात आली. भार थोडा असो, निम्मा असो वा पुरा, अशा पेटीने शेकडा ८० वीज तरी पुढे पोचवावी लागते. तिची किंमत अर्थातच अधिक. दिवसभर संगणक चालवणाऱ्या दुकानदाराला ती लवकर भरून मिळते. रोज तासभरच संगणक लावणाऱ्या घराला मात्र त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागेल. तेथे एक बिनखर्चाचा उपाय उरतो. संगणक बंद केल्यावरही भिंतीवरील बटण चालू राहिले, तर पेटी थोडीथोडी वीज घेतच राहते, आणि मीटर तीही मोजतो. झोपण्यापूर्वी ते बटण बंद करणे लहान मुलालाही जमते.