उतारावरची चीड

साखरेच्या डब्यात ओला चमचा घालणारी माणसं मला आवडत नाहीत. साखरेचे खडे होतात आणि ते नंतर कुणालातरी फोडत बसावं लागतं, हे त्यांच्या आयुष्यभर लक्षात येत नाही. लिफ्टचं दार उघडं टाकून जाणारे, 'दोनच शब्द बोलतो' म्हणून पाऊण तास माइक न सोडणारे, लोकलच्या डब्यात आवाज मोठा करून रील बघणारे, पाच रुपये सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणारे, सगळे माझ्या यादीत आहेत. 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' असं सांगणारा माणूस हमखास तेव्हा अंघोळीला चाललेला असतो. त्याला मी यादीत बराच वर बसवलाय.

अशी यादी प्रत्येकाकडे असते आणि ती चारचौघांत वाचून दाखवायला कुणी लाजत नाही. ती वाचताना आपण किती टापटिपीचे, किती वक्तशीर, आपला कान किती तयार, हे न सांगता सांगून होतं.

कानाचा विषय निघाला की मराठी माणसाची चीड भरात येते. माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, हे शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं असल्यामुळे लोकलमध्ये कुणी 'सीट भेटली' म्हणालं की माझ्या कपाळाला आजही आठी पडते. 'माझी मदत कर' ऐकलं की दुसरी पडते. 'चहा बनवू का?' असं कुणी विचारलं, तर चहा करतात, बनवत नाहीत, हे सांगायला माझी मोठी नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभीच असते. कोल्हापूरकडची एखादी बाई 'मी आलो, मी जेवलो' म्हणाली की पुण्यातल्या ऑफिसात दोन-तीन माना एकमेकींकडे वळतात. विदर्भातून आलेलं माणूस भाजीवाल्याकडे सांबार मागतं. त्याला हवी असते कोथिंबीर, आणि भाजीवाला त्याला कोपऱ्यावरचं इडलीचं हॉटेल दाखवतो. हा विनोद इतका झिजलाय की आता ज्यांच्यावर होतो तेच तो आधी सांगून मोकळे होतात. त्यांचीही यादी एकदा विचारून बघावी. माझ्या एका अमरावतीच्या मैत्रिणीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पुण्यातल्या बायकांचं एक कौतुक आहे: 'अय्या, विदर्भातल्या असून किती शुद्ध बोलता हो तुम्ही!'

ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची जी पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट गावोगावच्या मराठीत उतरवून घेतलेली आहे. कोकणातली वेगळी, वऱ्हाडातली वेगळी, नागपूरकडची आणखी वेगळी. बाप तोच, वाटणी मागून घेऊन सगळं उडवणारा आणि शेवटी डुकरं राखायची पाळी आलेला पोरगाही तोच. प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या बोलीत घरी परत येतो आणि प्रत्येक ठिकाणी बाप त्याला जवळ घेतो. 'पोरा, आधी तुझं क्रियापद सुधार,' असं एकाही बोलीतला बाप म्हणत नाही.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा मात्र त्या बापाइतकी मायाळू नाही. गेल्या सभेत पाण्याची टाकी झाली, पार्किंगवरून नेहमीची दोन माणसं नेहमीसारखी भांडून झाली, आणि मग विषय निघाला रात्रपाळीच्या वॉचमनचा. तो विदर्भातला आहे. इंटरकॉमवर तो 'तुमचे पाव्हणे येऊन राहिले' असं सांगतो. त्याला 'येताहेत' असं म्हणायला शिकवावं, बाहेरच्यांपुढे बरं दिसत नाही, अशी एक सूचना आली. दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. पहाटे चारला विमानतळावरून आलेल्या एका सभासदाला तो खुर्चीत डुलक्या घेताना दिसला होता. फोटोही होता. दोन्ही तक्रारी इतिवृत्तात रीतसर नोंदवल्या गेल्या. त्याची ड्यूटी किती तासांची असते, असं मी विचारलं. 'बारा,' सेक्रेटरी म्हणाले, 'सगळीकडे बाराच असते.' त्यांचं काही चुकलं नव्हतं, खरोखरच सगळीकडे बाराच असते. रात्री आठ ते सकाळी आठ. बदलीचा माणूस आला नाही की पुढचे बारा तासही त्याचेच. आठवड्याची सुट्टी घेतली तर त्या दिवसाचा पगार कापून जातो, म्हणून तो घेत नाही. सेक्रेटरींनी चष्मा वर केला, पुढचा विषय वाचला, आणि आम्ही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगकडे वळलो.

चीडही पाण्यासारखीच उताराकडे वाहते, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलंय. जिथे अडायला काही नाही तिथे ती झरझर जाते. वॉचमनच्या क्रियापदावर, भाजीवाल्याच्या उच्चारावर, पार्सल आणणाऱ्या पोराच्या दहा मिनिटांच्या उशिरावर आपण मोकळेपणाने चिडतो, कारण त्याची किंमत द्यावी लागत नाही. वरच्या अंगाला, म्हणजे जिथून आपला पगार येतो तिकडे, ती चढत नाही.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. सकाळी दहाला त्याचं काम सुरू होतं, आणि रात्री साडेआठला न्यूयॉर्कमध्ये सकाळ झालेली असते म्हणून तिकडच्या माणसांशी त्याचा कॉल असतो. ताटात पोळी वाढलेली असते आणि हा कानात इअरफोन घालून 'शुअर, शुअर, नो प्रॉब्लेम' म्हणत गॅलरीत फेऱ्या मारतो. एकदा त्या कॉलच्या मध्येच दारावरची बेल वाजली. पार्सलवाला होता. 'पत्ता भेटत नव्हता, दादा,' तो म्हणाला. 'भेटत नव्हता नाही, सापडत नव्हता म्हण. आणि केवढा उशीर!' असं त्याला फैलावर घेऊन भाचा परत गॅलरीत गेला आणि पुन्हा गोड आवाजात 'नो प्रॉब्लेम' म्हणाला. व्याकरण त्याचं बरोबर होतं. माझ्या ताटातली आमटी मात्र तोवर तिसऱ्यांदा गरम करून झाली होती.

लक्ष्मी रोडला साडी घ्यायला जाणाऱ्या बायकांच्या यादीत 'दुकानातल्या मुली हसून बोलत नाहीत' ही तक्रार असतेच. त्या सकाळपासून उभ्या असतात, गिऱ्हाईक नसतानाही बसायची सोय नसते, हे आपल्याला साडीच्या घड्या बघताना दिसत नाही. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायकांनी यावर चांगला झगडा केला आणि २०१८ साली दुकानांच्या कायद्यात बसायला जागा देण्याची तरतूद करून घेतली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. एका खुर्चीसाठी विधानसभेपर्यंत जावं लागतं.

आपल्याकडेही चीड वर चढवणारी माणसं होऊन गेली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या आज वाचल्या तर संकोच वाटावा इतक्या साध्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि मागच्या महिन्याचा पगार या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सूर्यास्तापर्यंतच! म्हणजे अंधार पडल्यावर तरी घरी जाऊ द्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडलं. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले होते आणि त्यात दोन बायकाही बोलल्या होत्या. पाळणा, सण, नवऱ्याचा चहा सगळं आवरून आपण जो रविवार लोळून काढायचं ठरवतो, तो असा मिळालेला आहे.

आणि सूर्यास्त? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा कामाशी संबंधच संपला. तेजीच्या दिवसांत गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. मग कायद्याला मागे धावावं लागलं. कापडगिरण्यांत पुरुषांना रोज बारा तासांची मर्यादा १९११ साली आली, आठवड्याला ६० तासांची १९२२ साली, ५४ तासांची १९३४ साली, आणि ४८ तासांची १९४६ साली, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना. पस्तीस वर्षं लागली तेवढं खाली यायला. तेव्हा दिव्याने जे केलं ते आता खिशातला फोन करतो. दिव्यासाठी निदान गिरणीत जावं लागायचं; फोन आमटी थंड होईपर्यंत घरीच येऊन बसतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात उद्योगपती नारायण मूर्तींनी तरुणांनी देशासाठी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला आणि रविवारीही काम करून घेता येत नाही याची हळहळ व्यक्त केली. दोन्ही वेळा खूप गदारोळ झाला. मी कागदावर साधा हिशेब मांडला: आमचा वॉचमन रोज बारा तासांप्रमाणे आठवड्याला ८४ तास आत्ताच भरतो. राष्ट्रउभारणीबद्दल त्याचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. त्याचा डुलकी घेतानाचा फोटो तेवढा फिरतोय.

२०२५ च्याच सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ वर गेली. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा रंगली ती कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलच्या पाटीची. त्यावर 'शूद्ध शाकाहारी' असं लिहिलं होतं. चौघांनी फोटो टाकले, एका निवृत्त शिक्षकांनी नियम टाकला, आणि दोन दिवसांत मालकाने पाटी बदलली. आपण नेटाने चिडलो तर काम होतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

तुमच्याही सोसायटीची सभा जवळ आली असेल, आणि वॉचमनचा विषय तिथेही निघेलच. त्याची बोली आणि त्याची झोप यावर बोलून झालं की सुरक्षा कंत्राटदाराशी झालेला करार मागून घ्या. ड्यूटी किती तासांची, आठवड्याची सुट्टी भरपगारी आहे का, जादा तासांचे पैसे त्याच्या हातात पडतात का, एवढ्या तीन ओळी सभेत मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना सेक्रेटरींचा एखादा उच्चार चुकला, तर तेवढा सोडून द्या.