बोंड फोडून बघ

वरणगाव, ता. भुसावळ

चि. भाच्यास,

आखाजीला तू म्हणालास, "मामा, यंदाही मेच्या मध्यावर कापूस लावून टाकतो. विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, आणि बीटीला अळीची भीती नाही." घरात पाहुणे होते, बोलणं राहून गेलं. पण तुझं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

पाणी तू स्वतः मोजलं आहेस. ठिबक तुझ्या डोळ्यांसमोर चालतं. अळीची भीती नाही, हे कोणी तपासलं? एके काळी ते खरं होतं. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं आणि हिरव्या बोंडअळीचा जाच खरोखर कमी झाला. दाजींनी तो काळ पाहिला, म्हणून त्यांचा विश्वास बसला. पण 2010 मध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं, गुजरातपुरतं का होईना, बियाणं कंपनीनेच जाहीर केलं. पुढे या अळीने दुसरं वाणही पचवलं. 2017 मध्ये आपल्याकडे वेचणीला आलेलं पीक किडून गेलं, तोपर्यंत बहुतेकांचा हिशेब जुन्याच भरवशावर चालला होता.

450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची, आठवते? ती बांधाकडेने लावायची होती. तिच्यावर वाढलेले साधे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी बीटीला बळी पडावी, हा हेतू. "हे फुकटचं, म्हणजे निकस" असं समजून गावोगाव लोकांनी ती पुडी फेकून दिली. कशासाठी दिली, हे विचारणारे थोडे निघाले. याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसाची चकाकी बघून लॉट पास होत नाही. त्यातले नमुने काढून प्रत्यक्ष झाडून बघतात. कापसालाही अशी सोपी चाचणी आहे. शेतात आडवंतिडवं फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि बांधावर बसून एकेक फोडायचं. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं, म्हणून वरून बोंड निरोगी, तुकतुकीत दिसतं. आत मात्र सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला असतो. विसांत दोन बोंडं अशी निघाली, तर फवारणीची वेळ झाली. फुलावर आल्यापासून एकरी दोन कामगंध सापळे लाव. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, तरी तोच इशारा समज. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, असं करू नकोस. त्याच 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले. पंप तुझ्या गड्याच्या पाठीवर असतो, हे विसरू नकोस.

आता मेच्या लागवडीचं. लवकर लावण्यात तुझा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. रान लवकर मोकळं होतं, रब्बी साधते. पण ही अळी जवळपास कपाशीवरच जगते. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघणाऱ्या पतंगांना पाते-फुलं मिळाली नाहीत, तर त्यांची पिढी तिथेच खुंटते. मेमधला कापूस त्यांना नेमका तेव्हा फुलं पुरवतो, आणि डिसेंबरनंतरही न उपटता ठेवलेली फरदड पुढच्या पिढ्यांना पोसते. कृषी खात्याने काही वर्षं मे महिन्यात बियाणं विकू दिलं नाही, ते यासाठीच.

"एक एकर जूनमध्ये लावून बघतो" असं तू म्हणशील. विचार चांगला आहे, पण बाकीचं रान मेचं असेल तर तिथलेच पतंग या एकरावर येतील आणि जूनची लागवडही फसली असं तुला वाटेल. खरी परीक्षा व्हायची तर निदान लगतच्या चार-पाच रानांनी मिळून जून धरला पाहिजे आणि फरदडही सगळ्यांनी मोडली पाहिजे. दाजींचा शब्द शिवारात चालतो. त्यांना घेऊन मंडळींना एकत्र बसव. वार कळव, मीही येतो. बियाणं मात्र तोवर घेऊ नकोस.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
मामा