कानांतलें तेल

आम्ही वरणगांवीं राहतों व शिकवावयास रोज भुसावळास जातों. पशुवैद्याचा दवाखाना आमच्या त्या रोजच्या वाटेवरच आहे. असें असूनही मोत्याचा डावा कान बिघडला तेव्हां तीन आठवडे आम्ही तिकडे फिरकलों नाहीं.

वैशाख होता. आमच्याकडचा वैशाख ज्यानें सोसला आहे त्यास त्याचें वर्णन नको. मोत्या दिवसभर माठाखालच्या ओल्या वाळूंत पडून असे; अधूनमधून मान झटकी, मागल्या पायानें कान खाजवी आणि रात्रीं कण्हे. शेजारच्या आजीबाईंनीं लसूण घालून कढविलेलें तेल सुचविलें. लहानपणीं आमच्याही कानांत तेंच पडलें होतें व आम्ही बहिरे झालों नव्हतों. एवढा पुरावा आम्हांस पुरला. "अहो, डॉक्टरांना दाखवायचं का?" असें कुटुंबानें दोनदां विचारलें. आम्हीं तें कानाआड केलें.

आमची अर्धी हयात 'हॅम्लेट' शिकविण्यांत गेली. निजलेल्या राजाच्या कानांत सख्खा भाऊ विष ओततो, हा प्रसंग आम्ही वर्गांत मोठ्या आवेशानें सांगतों. कोमट तेलाची पळी घेऊन निजलेल्या कुत्र्याशेजारीं बसतांना तो आम्हांस एकदांही आठवूं नये!

एके सकाळीं मोत्याच्या कानाची पाळी पुरीसारखी फुगली, तेव्हां कुठें आम्ही निघालों. तरुण डॉक्टरानें नळीचा दिवा कानांत घालून पाहिलें, आंतला काळा, कॉफीच्या भुकटीसारखा मळ कांचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक आमच्याकडे सरकविला. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ पायांचे पांढुरके जीव त्यांत वळवळत होते. नांव मात्र भारदस्त : ऑटोडेक्टिस सायनोटिस. कानांतला मळ व त्वचेचा कोंडा खाऊन हा गोचिडाचा भाऊबंद जगतो. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला सुमारें तीन आठवडे लागतात, म्हणजे आमच्या चालढकलीच्या अवधींत त्याची एक अख्खी पिढी नांदती झाली. त्यानें केलेल्या जखमांत मग जंतु व बुरशी वाढली. पाळींत सांचलें होतें तें रक्त; मान झटकून झटकून आंतल्या शिरा फुटल्या होत्या.

कुत्र्याचा कर्णमार्ग आधीं खालीं उतरतो, मग वळून पडद्यापाशीं पोंचतो. त्यामुळें आंत गेलेली ओल सहसा बाहेर येत नाहीं. मोत्याच्या कानाचा पडदा फाटला होता. अशा वेळीं चांगलें औषधसुद्धां आंतल्या कानास इजा करूं शकतें. म्हणून पडदा पाहिल्यावांचून कानांत थेंबही घालूं नये, असें डॉक्टर म्हणाला. "तुम्ही काय घातलं होतं, सर?" आम्हीं सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. तो कधींकाळीं आमचा विद्यार्थी असता तर बरें झालें असतें कीं वाईट, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

गुंगी देऊन कान धुतला, पाळी चिरून रक्त काढलें, मानेवर सेलामेक्टिनचे थेंब सोडले. ओसरीवर मोत्याला चिकटून निजणाऱ्या मांजरीलाही तेंच औषध द्यावें लागलें. हे जीव एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात. मांजरीची स्वतःची कांहींच तक्रार नव्हती.

कान बरा झाला. पाळी मात्र सुरकुतून राहिली. डाव्या बाजूनें हांक मारली तर मोत्या वळत नाहीं. आमच्या हातीं बाटली दिसली, मग ती शाईची कां असेना, कीं तो पलंगाखालीं शिरतो. कुटुंब कापूस घेऊन बसलें म्हणजे आपण होऊन येतो आणि डावा कान तिच्या मांडीवर ठेवतो.